पितळी मिकाडोला आवाज आणि धूर: एका इंजिनाचं प्रकरण

काकांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हिला आवाज दे. जमलं तर धूरही. पण हिला काही होता कामा नये." पुढचे चार महिने माझी जी ओढाताण झाली ती या तीन वाक्यांमुळेच. पितळी इंजिनात आवाज बसवायचा तर आत हात घालावाच लागतो आणि धूर काढायचा तर धुराड्याला भोक पाडावं लागतं. आणि "काही होता कामा नये" हे काका अगदी मनापासून म्हणत होते.

काकांचं बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेलं. त्यांचे वडील आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. काका शिकायला म्हणून बाल्टिमोरला आले आणि इथलेच झाले. पहिल्या नोकरीच्या पगारातून १९७४ साली त्यांनी हे एचओ मापाचं पितळी इंजिन घेतलं. एचओ म्हणजे खऱ्याच्या साधारण ८७ वा भाग, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर. त्या काळात अशी इंजिनं जपानमधल्या छोट्या कारखान्यांत हातानं डाख देऊन बनायची आणि अमेरिकेतले आयातदार ती इथे विकायचे. हे इंजिन आहे यूएसआरए लाइट मिकाडो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं रेल्वे ताब्यात घेतल्या, तेव्हा यूएसआरए या सरकारी रेल्वे प्रशासनाखाली सगळ्या कंपन्यांसाठी जे प्रमाणित आराखडे झाले त्यातला हा एक. त्यातलं पहिलं इंजिन जुलै १९१८ मध्ये बाल्डविन कारखान्यातून बाहेर पडलं आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेला ४५०० या क्रमांकानं मिळालं. ते आज बाल्टिमोरच्याच रेल्वे संग्रहालयात आहे, काकांच्या घरापासून अर्ध्या तासावर. मिकाडो हे नावही जपानचंच: १८९७ मध्ये बाल्डविननं निप्पॉन रेल्वेसाठी २-८-२ चाकरचनेची (पुढे दोन, मधे आठ चालक, मागे दोन चाकं) इंजिनं बांधली, त्यावरून ते पडलं. म्हणजे जपानवरून नाव पडलेल्या अमेरिकन इंजिनाची ही जपानी प्रतिकृती, आणि मालक दौंडचा.

काम हाती घेताना मला वाटत होतं की हे मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे. ते निघालं आधी यंत्राचं, मग विजेचं आणि सगळ्यात शेवटी आवाजाचं. हा क्रम उलटा धरला की पैसा वाया जातो, हे मी आता खात्रीनं सांगेन.

इंजिन साध्या डीसीवर चालवून पाहिलं. चाललं, पण कॉफी दळल्यासारखा आवाज करत. तेवीस वर्षं खोक्यात पडून होतं ते. गिअरपेटीतलं ग्रीस मेणासारखं पिवळं, घट्ट झालं होतं. मोटर आणि गिअर यांना जोडणारी रबरी नळी टणक होऊन तिला भेगा गेल्या होत्या. आणि मोटर होती जुन्या पद्धतीची, उघड्या चौकटीची, मोठ्या चुंबकाची. चाकं बोटांनी धरून क्षणभर अडवली तर १२ व्होल्टवर मीटरनं १.९ अँपिअर दाखवले. एचओ मापाचे आवाजाचे डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले हुकूम वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्या, सतत साधारण एकेक अँपिअर झेपावे असे बनवलेले असतात. अशा मोटरवर डिकोडर बसवला असता तर तो पहिल्या अडखळीला गेला असता.

चुंबक पुन्हा चार्ज करून घेणं हा एक मार्ग होता. चुंबक जुनं झालं की मोटर जास्त प्रवाह खाते, आणि चार्ज केल्यावर ती बऱ्यापैकी सुधारते. पण या मोटरचा एक ब्रश थेट इंजिनाच्या चौकटीला जोडलेला होता, आणि तो वेगळा काढायचा तर मोटर पूर्ण उघडावी लागली असती. काकांना विचारलं. ते म्हणाले, "मोटर बदल, पण जुनी फेकू नकोस." मग बंद डब्याची छोटी मोटर घातली. अडवल्यावर ०.५ अँपिअरच्या आत. मूळ गिअरपेटी ठेवली. चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ३० फेरे होतात हे हातानं मोजलं, पेटी स्वच्छ केली, नवं हलकं ग्रीस भरलं, नवी सिलिकॉनची नळी घातली. गिअरपेटी मोटरच्या पिळाच्या झटक्यानं अक्षाभोवती कलंडू नये म्हणून फॉस्फर ब्राँझच्या तारेचा एक आडवा हात चौकटीला लावला. हा हात नसेल तर उलट-सुलट दिशा बदलताना पेटी टकटक करते, आणि ती टकटक पुढे कुठल्याही स्पीकरमागे लपत नाही.

या सगळ्यानंतर इंजिन रुळांवर ठेवलं तर ते चालताना फक्त जोडदांड्यांची बारीक किणकिण ऐकू येत होती. त्या दिवशी मला खरा धीर आला. आवाज देण्याआधी इंजिन आधी गप्प व्हावं लागतं.

आता विजेचं काम. पितळी इंजिनाची ही सगळ्यात नाजूक गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यातल्या बहुतेक जुन्या इंजिनांमध्ये इंजिनाची चाकं उजव्या रुळावरून वीज घेतात आणि टेंडरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं डाव्या रुळावरून. इंजिनाची एका बाजूची चाकं विद्युतरोधक, टेंडरची दुसऱ्या बाजूची. म्हणजे इंजिनाचं अख्खं धड, बॉयलर, केबिन, धुराडं, पायऱ्या, हे सगळं मिळून उजवा रूळच, आणि टेंडरचं धड म्हणजे डावा रूळ. मधला जोडदांडा रोधक असतो. प्लास्टिकच्या इंजिनात हा विचार कधी करावा लागत नाही. इथे प्रत्येक तार टाकताना तो करावा लागतो.

माझ्याकडून तो एका ठिकाणी राहिला. समोरच्या दिव्याच्या जुन्या बल्बचं एक टोक बॉयलरच्या आतल्या भिंतीला डाखलेलं होतं. वरून काळा रंग, आत अंधार, मला दिसलं नाही. मी दुसऱ्या टोकाला डिकोडरची पांढरी तार जोडली, म्हणजे दिव्याच्या आउटपुटची. रुळांवर वीज सोडली. एक सेकंद काही नाही, मग डिकोडरमधून गोडसर जळका वास. डिकोडर पूर्ण गेला नाही, पण दिव्याचं आउटपुट कायमचं मेलं. तो डिकोडर बाजूला ठेवला आणि दुसरा मागवला. त्यानंतर मी नियमच केला: तार जोडण्याआधी मल्टिमीटरचं एक टोक बॉयलरला, एक तारेला. मीटर वाजला तर थांबायचं. जुना बल्ब काढून एक हजार ओहमच्या रोधकासह छोटा एलईडी लावला, दोन्ही तारा टेंडरपर्यंत वेगळ्या नेल्या. मोटरचे दोन्ही ब्रश चौकटीपासून तुटलेले आहेत हे तीन वेळा तपासलं.

शॉर्टची आणखी एक जागा फक्त वळणावर दिसली. साडेपाचशे मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर टेंडरच्या पुढच्या पत्र्याची कड केबिनच्या मागच्या पायरीला हलकेच टेकायची. उजवा रूळ डाव्याला भेटला की डीसीसीचा, म्हणजे डिकोडरला रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही देणाऱ्या डिजिटल पद्धतीचा, पुरवठा तत्क्षणी बंद पडतो. काका म्हणाले, "डीसीवर तर कधी झालं नाही." होतच असणार, पण तिथे फक्त एखादी ठिणगी पडायची आणि इंजिन वेगाच्या भरात पुढे निघून जायचं. त्या कडेखाली वीजरोधक कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावली. काम संपलं.

इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये आता सात तारा होत्या: मोटरच्या दोन, दिव्याच्या दोन, धुराच्या दोन आणि उजव्या रुळाची एक. पहिल्यांदा मी नेहमीची तार वापरली आणि ती इतकी ताठ निघाली की वळणावर टेंडरची पुढची चाकं उचलली जायला लागली. मग केसासारखी बारीक सिलिकॉनची तार आणि मधे छोटा कनेक्टर. पटरीवरच्या धुळीमुळे वीज क्षणभर तुटली तर आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये म्हणून टेंडरमध्ये कपॅसिटरची साठवणही बसवली. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, ती हवीच.

डिकोडर ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ५ घेतला, त्यात दोन सिलिंडरच्या अमेरिकन इंजिनाचा आवाजसंच. स्पीकर साखरेच्या क्यूबएवढे दोन, एकाच बंद डबीत, टेंडरच्या तळाकडे तोंड करून. उघडा स्पीकर हातात धरला तर डासासारखा चिरका वाजतो, आणि तोच डबीत बंद केला की त्याला छाती येते. कारण पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारत नाही. पहिल्याच चाचणीत मात्र वाफेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कसली तरी झणझण ऐकू आली. डिकोडर बदलून पाहिला, स्पीकर बदलून पाहिला. शेवटी टेंडरवरचा कोळशाचा पत्रा बोटानं दाबला आणि झणझण थांबली. तो पत्रा नुसता ठेवलेला होता. कडेला फोमची पट्टी.

आणि मग ते आलं ज्यासाठी काका आले होते.

दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. प्रत्येक सिलिंडर दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ सोडतो, म्हणून दोन दुणे चार. वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर जाते, जाताना आगीचा धूर ओढून नेते आणि तिच्या ओढीनं भट्टीत नवी हवा येते. म्हणजे ठोका, धूर आणि आग हे एकाच श्वासाचे भाग. मिकाडोच्या मूळ आराखड्यात चालक चाकाचा व्यास ६३ इंच होता, परीघ साधारण ५ मीटर. आमच्या प्रतिकृतीत चाक १८.४ मिलिमीटरचं, परीघ ५७.७. म्हणजे इंजिन साडेचौदा मिलिमीटर पुढे सरकलं की एक ठोका पडला पाहिजे.

डिकोडर चाकाकडे बघत नाही. तो मोटरच्या वेगावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज ५७ आणि ५८ क्रमांकांच्या सीव्हींमध्ये, म्हणजे डिकोडरच्या सेटिंगच्या कप्प्यांमध्ये, आकडे भरून जुळवावा लागतो: पहिला हळू वेगासाठी, दुसरा वरच्या वेगासाठी. मी चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा टिंब दिला, फोननं संथ गतीचा व्हिडिओ घेतला आणि दहा फेऱ्यांत चाळीस ठोके येईपर्यंत आकडे बदलत राहिलो. हळू वेगात जुळलं. मधल्या वेगात थोडं मागे पडत होतं. मला वाटलं, एवढं कोणाला कळणार?

काकांना कळलं. ते रुळांपासून चार फुटांवर डोळे मिटून बसले होते. मी इंजिन थोडं वेगात सोडलं, ते म्हणाले, "ही धावतेय तीसच्या वेगानं आणि वाजतेय वीसच्या." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "अरे, आमच्या घरामागून दिवसरात्र डब्ल्यूजी मालगाड्या ओढत जायच्या. वडील कामावर कधी निघाले, गाडी किती वजनाची आहे, हे आई ठोक्यांवरून सांगायची."

घरी येऊन मी आकडे काढले. डब्ल्यूजी म्हणजे भारतीय ब्रॉडगेजची मालवाहू मिकाडो, १९५० पासून १९७० पर्यंत २४५० बांधली गेली, त्यातली मोठी संख्या चित्तरंजनच्या कारखान्यात. चालक चाक ६१.५ इंचांचं. म्हणजे ताशी ४८ किलोमीटर वेगात अमेरिकन मिकाडो सेकंदाला १०.६ ठोके देते आणि डब्ल्यूजी १०.९. फरक तीन टक्क्यांच्या आत. दौंडमध्ये तयार झालेल्या कानाला बाल्टिमोरची मिकाडो ओळखीची वाटणार, कारण दोघींच्या चाकांचं माप जवळपास एकच आहे. काकांच्या आठवणीला इतका नेमका आधार असेल हे मला आधी सुचलं नव्हतं. मग मी व्हिडिओ बाजूला ठेवला आणि त्यांनाच प्रमाण मानलं. ते टेबलावर बोटं वाजवत ठोके मोजत, मी अठ्ठावन्न नंबरचा आकडा एकेक कमी-जास्त करत. संध्याकाळी सात वाजता त्यांनी बोटं थांबवली आणि डोळे उघडले. "आता ही तिच्याच पायांनी चालतेय."

मी त्यांना विचारलं होतं, हवी तर डब्ल्यूजीची शिटी शोधून डिकोडरमध्ये भरून देऊ का? ते लगेच नाही म्हणाले. "ही बाई इथली आहे. तिला तिचीच शिटी." मला ते फार पटलं. अमेरिकन शिटीत एकाच वेळी अनेक सूर असतात, तिची लांब, दुःखी हाक या इंजिनाचीच आहे.

धूर सगळ्यात शेवटी, आणि त्यावर सगळ्यात जास्त वाद. जर्मनीची झॉयथे कंपनी छोट्या नळीची धूरयंत्रं बनवते. आत बारीक नळी, तिच्यात गरम होणारी तार. विशिष्ट हलक्या तेलाचे थेंब घातले की ते उकळून पांढरा धूर वर येतो. ही नळी धुरपेटीत उभी बसते. पण आमच्या इंजिनाचं धुराडं भरीव ओतीव पितळेचं होतं, वर फक्त उथळ खळगा. आरपार छिद्र पाडलं की ते परत भरता येत नाही. आणि धुरपेटीत शिशाचं वजन भरलेलं होतं. ते काढलं तर पुढची चाकं हलकी होऊन इंजिन मालगाडी ओढताना घसरणार.

"धुराड्याला हात लावायचा नाही," काका म्हणाले. मी सुचवलं की जुनं धुराडं डाखातून सोडवून खोक्यात ठेवू आणि त्याच मापाचं ओतीव धुराडं विकत घेऊन त्याला छिद्र पाडू. दोन दिवस विचार करून त्यांनी होकार दिला. डाख सोडवताना शेजारची घंटा आणि वाळूची पेटी सुटू नये म्हणून त्यांच्यावर ओला कापूस गुंडाळला आणि टोकदार गरम लोखंड फक्त धुराड्याच्या पायाला लावलं. सुटलं, स्वच्छ. धुरपेटीतलं शिसं काढल्यानं वजन ३८ ग्रॅम कमी झालं होतं. ते बॉयलरच्या मधल्या भागात, बरोबर चालक चाकांच्या वर, शिशाच्या पातळ पट्ट्यांनी भरून काढलं. ओढ मोजली तर पूर्वीसारखी, किंचित जास्तच.

धूरयंत्र दोन तारांचं घेतलं, ज्याचं बाहेरचं आवरण कुठल्याच तारेला जोडलेलं नाही. काही प्रकारांत आवरण हेच एक टोक असतं, आणि पितळी बॉयलरला ते टेकलं की दिव्याच्या बल्बसारखीच गत. त्यानं किती प्रवाह घेतला ते आधी बाकावर मोजलं आणि डिकोडरच्या पुस्तिकेतल्या आउटपुटच्या मर्यादेशी ताडून पाहिलं, मगच जोडलं. व्होल्टेजचंही बघावं लागतं. रुळांवर १४ व्होल्ट असले तरी डिकोडरमधून पुढे दीडेक व्होल्ट कमीच येतात, म्हणून १६ व्होल्टचं यंत्र नीट तापत नाही. कमी व्होल्टेजचं घेतलं.

पहिल्या रात्री मी उत्साहात तेल जरा जास्त घातलं. ते फसफसून वर आलं, धुराड्यावरून बॉयलरच्या उतारावर आणि तिथून चाकांवर. इंजिन जागच्या जागी चाकं फिरवायला लागलं. चाकं, रूळ, सगळं अल्कोहोलनं पुसत बसलो. आता ड्रॉपरनं मोजून दहा थेंब, त्याहून एकही नाही, आणि कोरडं कधी चालवायचं नाही.

धूर छान येतो. सडपातळ, पांढरा, सरळ. पण इंजिन चालताना मला तो खटकला आणि काकांनाही. ठोके तुटक पडतात आणि धूर अखंड येतो. कानाला एक श्वास ऐकू येतो, डोळ्याला दुसरा दिसतो. पंख्यानं धूर ठोक्याबरोबर उडवणारी यंत्रणा असते, पण आमच्या वीस मिलिमीटरच्या धुरपेटीत ती बसवायची तर बॉयलर कापावं लागलं असतं, आणि त्याला माझा स्वतःचाच विरोध होता. शेवटी आम्ही ठरवलं की धूर फक्त उभ्या इंजिनाला. खरं इंजिन स्थानकात उभं असतं तेव्हा ठोके नसतात, पण आग धुमसत असते, फायरमन ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून हवा ओढणारी झडप) थोडा उघडा ठेवतो आणि धुराड्यातून असाच बारीक, अखंड धूर येत राहतो. त्या वेळी आमचा धूर खरा असतो. डिकोडरमध्ये फंक्शनला 'इंजिन थांबलेलं असताना' अशी अट घालता येते. ती घालून पाहिली, पण तार तापायला अर्धा मिनिट लागतो आणि तोवर गाडी सुटायची वेळ होते. म्हणून बटण हातातच ठेवलं. काका गाडी येण्याच्या थोडं आधी ते दाबतात आणि सुटताना बंद करतात. आणि खिडकी उघडी ठेवतात, हा माझा आग्रह. बंद खोलीत तेलाची वाफ तासभर श्वासात घेणं बरं नव्हे, शिवाय ती रुळांवर बसून वीज तोडते.

आम्ही एकदा संग्रहालयात ४५०० समोर उभे राहिलो. काकांनी चालक चाकावर हात ठेवला आणि खांद्यापर्यंत त्याची उंची मोजली. "एवढंच असायचं," ते म्हणाले. नंतर बराच वेळ ते तिथून हलले नाहीत आणि मीही घाई केली नाही.

इंजिनाच्या मूळ खोक्यात आता एक कापडी पिशवी आहे. तिच्यात जुनी मोटर, मूळ धुराडं, दिव्याचा बल्ब आणि भेगा गेलेली रबरी नळी, आणि कुठला भाग कुठून काढला, कुठली तार कुठे जाते याचं एका कागदावर काढलेलं चित्र. कागदाच्या मागच्या बाजूला सीव्ही ५७ आणि ५८ चे शेवटचे आकडे काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहेत, मराठीत.